स्मारकाची हद्द कुठे संपते?

१९९० च्या सुमाराला कैरोजवळच्या नझलत अस-सम्मान या गावात गटाराच्या पाइपसाठी चर खणायचं काम चालू होतं. हे गाव पिरॅमिड जिथे आहेत त्या गिझाच्या पठाराच्या पायथ्याशी, स्फिंक्सच्या, म्हणजे सिंहाचं अंग आणि माणसाचा चेहरा असलेल्या प्रचंड दगडी मूर्तीच्या, थेट समोर आहे. स्फिंक्सच्या पंजांपासून पहिली घरं जेमतेम काहीशे मीटरवर. तोवर गावात गटारं नव्हती. मैलापाणी खड्ड्यांत सोडायचं आणि ते जमिनीत मुरायचं. चर काही मीटर खोल गेला आणि खाली काळ्या बसाल्टची फरसबंदी लागली. खुफूच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या पिरॅमिडच्या, पायथ्याकडच्या मंदिराची ती फरशी असावी असं अभ्यासक मानतात. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं ते मंदिर नेमकं कुठे होतं याचा तोवर पत्ता नव्हता. ते लोकांच्या घरांखाली होतं.

या एका चरात आपला सगळा विषय सापडतो. आपण ज्याला ‘स्मारक’ म्हणून कुंपण घातलं, ते कुंपणाबाहेर गावाखालपर्यंत गेलेलं होतं. गावाला गटार हवं होतं, आणि ती मागणी अगदी रास्त होती. गटार नसल्यामुळे जमिनीत मुरणारं तेच पाणी स्फिंक्सच्या दगडाला आतून पोखरत होतं. आणि गटार घालायला गेलं, तर ते पुरातन अवशेषांच्या डोक्यावरून जात होतं. शहर स्मारकाला भिडतं तेव्हा पेच असा असतो. खलनायक एक असता तर गोष्ट फार सोपी झाली असती.

नुसता त्रिकोण म्हणजे पिरॅमिड नव्हे

पिरॅमिड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंटातला दगडी त्रिकोण येतो. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो एका लांबलचक रचनेचा शेवटचा टप्पा होता. सुरुवात व्हायची खाली, नाईलच्या पुराचं पाणी जिथवर पोचतं त्या काठावर. तिथे होड्या लागायच्या, तिथे पहिलं मंदिर. तिथून दगडी बांधीव वाट पठारावर चढायची, वर दुसरं मंदिर, आणि त्याच्या पाठीमागे पिरॅमिड. पूर्वेला हिरवं खोरं, पश्चिमेला ओसाड वाळवंट, आणि सूर्य मावळतो त्या बाजूला मेलेल्यांची वस्ती. हिरवं कुठे संपतं आणि पिवळं कुठे सुरू होतं, ती रेघसुद्धा रचनेचाच भाग होती. आज ती रेघ घरांच्या गर्दीत बुजली आहे. वाट तुटक तुटक उरली आहे. खालचं मंदिर गावाखाली आहे. त्रिकोण तेवढा शाबूत आहे, आणि तो शाबूत आहे म्हणून आपण ‘पिरॅमिड वाचले’ असं म्हणतो.

जगात जिथे जिथे प्राचीन वास्तू आहेत, तिथे जागेची निवड सहसा तीन गोष्टींवर झालेली दिसते. पाणी कुठलं, तिथवर यायची वाट कुठली, आणि तिथून काय दिसतं किंवा ती कुठून दिसते. टेकडीवरच्या देवळाला टेकडी लागते. तळ्यात प्रतिबिंब पडावं म्हणून बांधलेल्या वास्तूला तळं लागतं. सूर्य एका ठरावीक दिवशी एका ठरावीक खाचेतून उगवावा म्हणून रचलेल्या शिळांना मोकळं क्षितिज लागतं. या तीन गोष्टी काढून घेतल्या तर दगड जागेवर राहतात, पण ते तिथे का आहेत हे कळेनासं होतं.

जाणकारांना ही गोष्ट कळायला वेळ लागला. स्मारकांच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक वाक्य आलं होतं, की स्मारक हे त्याच्या इतिहासापासून आणि ते ज्या परिसरात उभं आहे त्या परिसरापासून वेगळं काढता येत नाही. १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या व्यवस्थेत ‘सांस्कृतिक भूदृश्य’ असा वेगळा प्रकार आला. माणसाने आणि निसर्गाने मिळून घडवलेली जमीन, म्हणजे शेतं, पाटबंधारे, वाटा, टेकड्या, हे सगळं त्यात धरलं. २००५ मध्ये चीनमधल्या शिआन शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी ‘परिसर’ या एका मुद्द्यावरच जाहीरनामा काढला. कागदावर विचार पुढे गेला. जमिनीवर मात्र अजूनही स्मारकाची हद्द म्हणजे लोखंडी कुंपण.

शहर कसं येतं

शहर एका दिवसात चाल करून येत नाही. आधी रस्ता येतो, बहुधा स्मारकाकडे जाणाऱ्या लोकांच्या सोयीसाठीच. रस्त्याच्या कडेला टपऱ्या येतात, मग पक्की दुकानं, मग राहायची सोय. रस्त्यालगतच्या शेताचा भाव पिकाच्या हिशोबाने ठरायचा, तो आता प्लॉटच्या हिशोबाने ठरू लागतो. शेतकऱ्याला दोष द्यावा असं यात काही नाही. एका पिढीचं शेत तीन भावांत वाटलं जातं, तुकडा पिकवण्याजोगा राहत नाही, आणि विकणं हेच शहाणपणाचं ठरतं. जगाची निम्मी लोकसंख्या शहरांत राहते असा टप्पा २००७ च्या आसपास ओलांडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. एवढी माणसं कुठेतरी राहणारच. प्राचीन स्मारकं बऱ्याचदा पाण्याजवळ, सपाट जमिनीजवळ, जुन्या वाटांवर असतात, आणि शहरांनाही नेमक्या त्याच जागा हव्या असतात.

यातली घातक गोष्ट अशी, की प्रत्येक पाऊल वेगळं पाहिलं तर किरकोळ दिसतं. एका घरावर एक मजला, एका कुंपणाची भिंत थोडी उंच, एका शेतात एक गोदाम. परवानगी देणाऱ्यापुढे नेहमी एकच अर्ज असतो, आणि त्या एका अर्जाने काही बिघडणार नाही हे खरंच असतं. असे हजार अर्ज निकालात निघाले की बिघडलेलं असतं. ते कुणी बिघडवलं याचं उत्तर मात्र कुणाकडेच नसतं.

रोमच्या बाहेर पडणाऱ्या आप्पियन मार्गाची कथा यासाठी वाचण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये सुरू झालेला हा रस्ता. काळ्या दगडांच्या मोठमोठ्या फरशा, त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना थडगी आणि मागे मोकळी रानं. दुसऱ्या महायुद्धानंतर रोम झपाट्याने पसरलं आणि श्रीमंतांना याच मार्गालगत बंगले हवेसे वाटू लागले. शांतता, पाइनची झाडं, अंगणात एखादा रोमन अवशेष. अंतोनियो चेदेर्ना या पत्रकाराने १९५३ पासून याविरुद्ध लिहायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं तो लिहीतच राहिला. १९६५ मध्ये ही जमीन सार्वजनिक उद्यानासाठी राखीव ठरली. प्रत्यक्ष प्रादेशिक उद्यान झालं १९८८ मध्ये. मधल्या काळात भिंती उठल्या, तरणतलाव झाले. आणि इटलीत १९८५, १९९४ आणि २००३ अशी तीनदा बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करण्याची सवलत दिली गेली. अशी सवलत एकदा दिली की पुढचा माणूस नियम वाचत नाही, पुढच्या सवलतीची वाट बघतो. माझ्या मते, स्मारकाच्या परिसराचं सर्वांत जास्त नुकसान जेसीबी करत नाही. ‘पुढे नियमित होईलच’ ही खात्री करते.

तरी आप्पियन मार्गाच्या बाबतीत एक गोष्ट उलटी फिरवता आली. रोमभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाने हा प्राचीन रस्ता चक्क मधोमध कापला होता. २००० च्या सुमाराला तो महामार्ग तेवढ्या पट्ट्यात बोगद्यातून खाली नेला आणि वरचा तुटलेला रस्ता पुन्हा सांधला. २०२४ मध्ये आप्पियन मार्ग जागतिक वारसा यादीत गेला.

पाण्याचा हिशोब

शहर आलं की डोळ्यांना इमारती दिसतात. दगडाला मात्र आधी पाणी कळतं. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यांत कमी बोललं जातं ते याच नुकसानीबद्दल.

चुनखडी किंवा वालुकाश्म हा दगड आतून भरीव नसतो. त्यात बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतून जमिनीतली ओल वर चढते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. हे पाणी शुद्ध नसतं. त्यात जमिनीतले क्षार असतात, आणि वस्तीचं सांडपाणी मुरत असेल तर आणखी जास्त. पाणी दगडाच्या पृष्ठभागाशी येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक होतात. स्फटिकाला जागा लागते, तो पोकळीच्या भिंतींवर आतून दाब देतो. उन्हात वाळणं आणि पुन्हा ओलं होणं असं चक्र हजारो वेळा फिरलं की वरचा थर सुटतो. जुन्या घराच्या भिंतीला खालच्या बाजूने लोणा लागलेला आपण पाहतो. पांढरी भुकटी येते, पोपडे सुटतात, बोट लावलं तर वाळू हातात येते. ते हेच. फरक एवढाच, की घराच्या भिंतीला पुन्हा गिलावा करता येतो. कोरलेला चेहरा असा झडला, की तो पुन्हा कोरला तरी मूळचा राहत नाही.

स्फिंक्स तर जागच्या खडकातच कोरलेला आहे. त्याचं अंग आणि खालची जमीन एकच, त्यामुळे जमिनीतली ओल थेट त्याच्या अंगात. १९८८ मध्ये त्याच्या उजव्या खांद्याचा एक मोठा तुकडा निखळून पडला. त्यामागच्या कारणांवर पुष्कळ चर्चा झाली, आणि ओल व क्षार हे त्यातले कायमचे संशयित. शेतीचे कालवे आणि गटारं नसलेली वस्ती, दोन्हींमुळे तिथलं भूजल वर आलं होतं. पुढे गटारं झाली, तरी पठाराच्या पायथ्याशी भूजल उपसायला पंप बसवावे लागले.

कंबोडियात अंगकोरला शहराने नेमकं उलटं केलं. अंगकोरची मंदिरं ठेचून भरलेल्या वाळूवर उभी आहेत. कोरड्या वाळूचा ढीग ढासळतो आणि ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, हे लहान मुलालाही माहीत असतं. अंगकोर वाटभोवतीचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे, आणि तो नुसता शोभेचा नाही. खंदक, तलाव, कालवे या सगळ्या जाळ्यामुळे खालचं भूजल बऱ्यापैकी स्थिर राहायचं, वाळू ओली आणि घट्ट राहायची. शेजारचं सिएम रीप हे गाव पर्यटनामुळे शहर झालं. २०१८ मध्ये २५ लाखांहून अधिक परदेशी प्रवाशांनी अंगकोरची तिकिटं घेतली. त्यांना हॉटेलं हवीत, हॉटेलांना पाणी हवं, आणि विंधनविहीर खणणं सगळ्यात सोपं. भूजल बेसुमार उपसलं तर मंदिरांचे पाये खचतील, हा इशारा तिथले अभियंते बरीच वर्षं देत आले आहेत. मंदिर पाहायला आलेल्या माणसाची आंघोळ मंदिराच्या पायावर बेतू शकते, असं हे गणित आहे. त्या माणसाला त्याची कल्पनाही नसते.

मेक्सिको सिटीत हाच प्रकार सगळ्यात उघडपणे दिसतो. अॅझ्टेकांची तेनोच्तितलान ही राजधानी तळ्यातल्या बेटावर होती. स्पॅनिश लोकांनी ती पाडून वर नवं शहर रचलं, तळं आटवलं, आणि पुढे वाढत्या शहराची तहान भागवायला खालचं पाणी उपसत राहिले. तळ्याच्या तळाची मऊ माती पाणी गेल्यावर दबत गेली आणि शहराचे काही भाग गेल्या शतकभरात ९ मीटरहून अधिक खचले. मुख्य चौकातलं कॅथेड्रल तिरकं झालं, कारण ते सगळीकडे सारखं खचत नाही. त्याच्या काही भागाखाली जुन्या मंदिरांचे घट्ट अवशेष आहेत, काही भागाखाली मऊ माती. आणि त्याच चौकाजवळ फेब्रुवारी १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खणताना तीन मीटरहून अधिक व्यासाची कोरीव शिळा लागली, कोयोल्शाउकी या देवीची. तिच्यामुळे अॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराचं उत्खनन सुरू झालं. पुन्हा एक खड्डा, पुन्हा योगायोग. किती शहरांखाली असं काय काय असेल, आणि किती खड्ड्यांत लागलेलं काम अडू नये म्हणून मुकाट्याने बुजवलं गेलं असेल, या विचाराने मला फार हळहळ वाटते.

पावसाचं पाणी हाही हिशोबाचाच भाग. मोकळी जमीन पाऊस पिते. तिच्यावर डांबर आणि काँक्रीट पडलं, की तेच पाणी वाहत सुटतं आणि उताराच्या जागी साचतं. जुनी वास्तू बहुधा आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खाली गेलेली असते, कारण रस्ते दर काही वर्षांनी वर चढत जातात. मग प्रत्येक पावसाळ्यात पाणी वास्तूच्या अंगणात. हवेचं सांगायचं तर अथेन्सचं उदाहरण पुरे. गाड्या आणि कारखान्यांच्या धुरातला गंधक संगमरवराच्या पृष्ठभागाचं जिप्सम करतो, आणि जिप्सम पावसात धुऊन जातं. म्हणून अॅक्रोपोलिस या टेकडीवरच्या एरेक्थेइऑन मंदिरातल्या स्त्रीरूपी खांबांच्या मूळ मूर्ती १९७९ मध्ये संग्रहालयात न्याव्या लागल्या. तिथे आज उभ्या आहेत त्या प्रतिकृती.

वर्तुळाला उंची कळत नाही

आता कायद्याकडे. बहुतेक देशांनी सोपा उपाय शोधला, स्मारकाभोवती वर्तुळ काढायचं. भारतात १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. आकडा स्पष्ट असला की भांडण कमी होतं, हा त्याचा मोठा फायदा. त्यामुळे कितीतरी स्मारकांना श्वास घ्यायला जागा उरली, हे मान्य करायलाच हवं.

पण माळरानावरच्या प्रचंड किल्ल्यालाही १०० मीटर आणि गल्लीतल्या लहानशा थडग्यालाही १०० मीटर. किल्ल्याला ते फार अपुरे आहेत, आणि थडग्याशेजारच्या रहिवाशाला ते जाच वाटतात, कारण त्याला घराचं छप्पर दुरुस्त करायलाही परवानगीमागे धावावं लागतं. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या गरजेप्रमाणे वेगळे उपनियम करायची सोय याच कायद्यात आहे. ते काम जागेवर जाऊन, पाहून, मोजून करावं लागतं, म्हणून किचकट आहे. पण करण्याजोगं काम तेच आहे.

नजर तर वर्तुळाला मुळीच जुमानत नाही. लंडनमध्ये रिचमंडच्या बागेतल्या एका टेकाडावरून सुमारे १६ किलोमीटरवरचा सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो. मधल्या झाडीत त्यासाठी खाच राखली आहे आणि ती रेघ कायद्याने संरक्षित आहे, तिच्या आड इमारत येऊ द्यायची नाही. २०१६ मध्ये घुमटाच्या पाठीमागे, कित्येक किलोमीटर पलीकडे, ४२ मजल्यांचा मनोरा उभा राहिला. तो आड आला नाही, मागे आला. पण आजवर आकाशावर स्वच्छ उमटणारा घुमट आता काचेच्या इमारतीवर उमटतो. सेंट पॉल काही प्राचीन नाही, पण मुद्दा कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रललाही ऱ्हाइनच्या पलीकडच्या काठावर होऊ घातलेल्या उंच इमारतींमुळे २००४ मध्ये जागतिक वारशातल्या धोक्यात आलेल्या जागांच्या यादीत टाकलं होतं. इमारतींची उंची कमी झाली, तेव्हा २००६ मध्ये ते यादीतून निघालं. अथेन्समध्ये अॅक्रोपोलिसजवळ दहा मजली हॉटेल उभं राहिलं, तेव्हा रहिवासी कोर्टात गेले आणि वरचे मजले उतरवायचा आदेश निघाला. १८३४ मध्ये राजधानी झालं तेव्हा अथेन्स काही हजार वस्तीचं होतं. आता महानगरात तीस लाखांहून अधिक माणसं राहतात आणि त्या सगळ्यांना घराच्या गच्चीतून ती टेकडी दिसायला हवी असते.

लहान स्मारकांचं मात्र कोर्टापर्यंतही जात नाही. भारताच्या संस्कृती मंत्रालयाने संसदीय समितीला सांगितलं, की संरक्षित यादीतली ५० स्मारकं सापडत नाहीत. त्यांतली १४ शहरीकरणात गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागत नाही. २०२४ मध्ये १८ स्मारकं यादीतून काढायचं ठरलं. त्यांत हरियाणातल्या मुजेसरचा एक कोस मिनार होता. कोस मिनार म्हणजे मुघलकाळातला मैलाचा दगड, विटांचा पुरुष-दोन पुरुष नव्हे, चांगला उंच खांब. रस्ता दाखवायला उभा केलेला. तो एकटा पाहायला कुणी तिकीट काढत नाही. पण एका रांगेतले असे खांब मिळून एक जुना रस्ता सांगतात, आणि मधला एक गेला की रांग तुटते. राजवाडे टिकतात, कारण त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. विहिरी, वेशी, मैलखांब, थडगी, वाटेवरच्या धर्मशाळा यांना कुणी वाली नसतो, आणि परिसर तर त्यांनीच बनलेला असतो.

हाकललेली माणसं

परिसर ‘मोकळा’ करायचा म्हटलं की पहिला घाव गरिबांवर बसतो, आणि हे लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. हंपीत विरुपाक्ष मंदिरासमोरच्या जुन्या बाजारपेठेच्या दगडी मंडपांत लोक राहत होते, दुकानं चालवत होते. २०११ मध्ये ती घरं-दुकानं पाडली गेली. विजयनगरच्या काळी बाजार म्हणूनच बांधलेली जागा, तिथला बाजार उठवून ‘जतन’ झाली. इजिप्तमध्ये लक्सरला स्फिंक्सच्या मूर्तींचा २.७ किलोमीटरचा मार्ग २०२१ मध्ये थाटात खुला झाला, त्यासाठीही वाटेतली घरं गेली. अंगकोरच्या हद्दीतून सुमारे १०,००० कुटुंबांना दुसरीकडे हलवायची मोहीम २०२२ पासून चालली, आणि तिच्यावर मानवी हक्क संघटनांनी कडक टीका केली.

कुणाला हलवायचं आणि कुणाला राहू द्यायचं, हे ठरवताना एक साधा प्रश्न विचारला जात नाही. परिसराला धक्का कशाने बसतो आहे? पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्या वस्तीने, की तिच्या शेजारी आलेल्या दोनशे खोल्यांच्या हॉटेलने? शेतं, गोठे, पायवाटा आणि तळी राखणारी माणसं असतात म्हणून भूदृश्य जिवंत राहतं. ती गेली की उरतं हिरवळीचं आवार आणि तिकीटखिडकी. उलटही घडतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या नागरिकांनी २००५ मध्ये मतदान करून एल्बे नदीवर नवा पूल मागितला, कारण वाहतूक तुंबत होती. पुलाचं काम सुरू झालं, आणि २००९ मध्ये एल्बेचं खोरं जागतिक वारसा यादीतून वगळलं गेलं. तिथे लोकांनी जाणूनबुजून निवड केली. मला ती चुकीची वाटते, तरी निदान ती उघडपणे झाली, हजार सुट्या अर्जांतून नकळत नव्हे. हंपीतही तुंगभद्रेवरच्या पुलांमुळे १९९९ मध्ये जागेचं नाव धोक्याच्या यादीत गेलं होतं. बांधकाम थांबत-चालत राहिलं, आणि त्यांतला अनेगुंदीचा पूल २००९ मध्ये बांधून व्हायच्या आतच कोसळला, त्यात कामगार गेले.

आधी विचारलं तर बरंच टळतं. १९९५ मध्ये कैरोचा वर्तुळाकार महामार्ग पिरॅमिडांच्या पट्ट्यातून जाणार होता. वेळीच आक्षेप आला, बोलणी झाली, पर्यायी मार्ग निघाला. आता अशा प्रकल्पांआधी वारशावर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन मागितलं जातं. त्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा तो अहवाल आराखडा ठरायच्या आधी मागवतात. निविदा निघाल्यावर मागवलेला अहवाल फायलीत लावायच्या कामाचा.

स्टोनहेंजचा रस्ता

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजला शिळांपासून एक जुना मार्ग निघतो. दोन्ही बाजूंना मातीचे बुटके बांध, मध्ये वाट. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य जिथे उगवतो, त्या रोखाने तो सुरू होतो आणि पुढे वळून अडीचेक किलोमीटरवरच्या एव्हन नदीला जाऊन मिळतो. पाणी, वाट आणि नजर, तिन्ही एका रेघेत. पहिल्या महायुद्धात शेजारी विमानतळ झाला, मागोमाग उपाहारगृह आलं. १९२७ मध्ये लोकांकडून वर्गणी जमवून आसपासची जमीन विकत घ्यायला सुरुवात झाली, आणि ती बांधकामं हळूहळू काढली गेली. पण ए३४४ हा डांबरी रस्ता राहिला. तो नेमका या प्राचीन मार्गाला, शिळांपासून हाकेच्या अंतरावर, आडवा कापून जायचा.

२०१३ मध्ये तो रस्ता बंद केला. डांबर उखडलं, माती टाकली, गवताचं बी पेरलं. पर्यटकांसाठीचं नवं केंद्र दोन किलोमीटरहून दूर नेलं. आता शिळांजवळ उभं राहिलं, की तुटलेली वाट पुन्हा जोडलेली दिसते, गवतातली एक हलकी खोलगट रेघ. दुसऱ्या बाजूला, शिळांपासून सुमारे १६५ मीटरवर, ए३०३ हा मोठा रस्ता आहे. तो तीनेक किलोमीटर बोगद्यातून न्यायची योजना होती. बोगद्याने दृश्य सुटेल असं काही म्हणत होते, बोगद्याची तोंडं याच भूदृश्यात निघतील आणि न खणलेले अवशेष कायमचे जातील असं दुसरे म्हणत होते. कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. जुलै २०२४ मध्ये सरकारने खर्चाच्या कारणावरून योजना रद्द केली. एका बाजूला गवत वाढतं आहे, दुसऱ्या बाजूला ट्रक आणि गाड्यांची रांग हळूहळू पुढे सरकते, आणि गाडीतली माणसं काच खाली करून शिळांकडे बघत जातात.